पीक अवशेषांची जैवइंधन पुरवठा साखळी

पीक अवशेषांची जैवइंधन पुरवठा साखळी म्हणजे कापणी व मळणीनंतर शेतात उरणारे काड, पेंढा, पाचट, पऱ्हाट्या यांसारखे अवशेष गोळा करणे, त्यांच्या गाठी बांधणे, ते वाहून नेणे, साठवणे आणि जैवइंधन प्रकल्पाला वर्षभर ठरावीक प्रमाणात व ठरावीक दर्जाचे पुरवणे, या सर्व कामांची एकत्रित व्यवस्था होय. या अवशेषांपासून प्रामुख्याने दुसऱ्या पिढीचे इथेनॉल, संपीडित जैववायू आणि पेलेट वा ब्रिकेट स्वरूपातील घन इंधन तयार केले जाते.

पीक अवशेष शेतात जवळजवळ फुकट असतात. प्रकल्पाच्या फाटकापर्यंत पोहोचेपर्यंत मात्र त्यांवर मोठा खर्च झालेला असतो. अवशेष वर्षातील थोड्याच दिवसांत उपलब्ध होतात, वजनाच्या मानाने फार जागा व्यापतात, ओले झाल्यास कुजतात आणि वाळले तर सहज पेट घेतात. त्यामुळे या क्षेत्रातील प्रकल्पांचे यश रासायनिक प्रक्रियेइतकेच, किंबहुना अनेकदा त्याहून अधिक, पुरवठ्याच्या व्यवस्थेवर अवलंबून राहिले आहे.

संज्ञा व व्याप्ती

पीक अवशेषांचे दोन ढोबळ प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात शेतातच राहणारे अवशेष येतात: भाताचा पेंढा, गव्हाचे काड, मक्याची ताटे, उसाचे पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचे कुटार इत्यादी. दुसऱ्या प्रकारात शेतमालावर प्रक्रिया करताना गिरणीत किंवा कारखान्यात निघणारे अवशेष येतात: भाताचे तूस, शेंगांची टरफले, उसाची चिपाडे म्हणजे बगॅस इत्यादी. दुसऱ्या प्रकारातील अवशेष एका ठिकाणी आपोआप जमा होतात. त्यांच्या संकलनाचा वेगळा खर्च नसल्याने त्यांना पूर्वीपासून ग्राहक आहेत. पुरवठा साखळीचा खरा प्रश्न पहिल्या प्रकाराबाबत उद्भवतो.

उपलब्धतेचा विचार करताना 'एकूण' आणि 'अतिरिक्त' अवशेष असा भेद केला जातो. भारतात दरवर्षी सुमारे ५० कोटी टन पीक अवशेष निर्माण होतात, असा केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा अंदाज आहे. त्यांपैकी मोठा भाग वैरण, सरपण, छपरे, कुंपण व खत यांसाठी वापरला जातो. या गरजा भागल्यावर जे उरते, ते अतिरिक्त. जैवइंधनासाठी याच भागाचा विचार करणे अपेक्षित असते. अतिरिक्त अवशेषांचे प्रमाण पिकानुसार व प्रदेशानुसार बदलते. पंजाबात गव्हाचे काड भुसा करून जनावरांना घातले जाते. यंत्राने कापलेल्या बिगर-बासमती भाताच्या पेंढ्यात सिलिकाचे प्रमाण जास्त असल्याने तो वैरण म्हणून फारसा स्वीकारला जात नाही. एकाच शेतातील दोन हंगामांच्या अवशेषांची बाजारातील स्थिती यामुळे पूर्णतः भिन्न असते.

हंगाम व उपलब्ध कालावधी

जैवइंधन प्रकल्प वर्षभर चालवावा लागतो; अवशेष मात्र कापणीनंतरच्या काही आठवड्यांतच मिळतात. या कालावधीची एक बाजू कापणीने व दुसरी बाजू पुढील पिकाच्या पेरणीने बांधलेली असते.

पंजाब व हरियाणातील भात-गहू पीकपद्धतीत हा प्रश्न तीव्रतेने जाणवतो. भूजल वाचवण्यासाठी दोन्ही राज्यांनी २००९ मध्ये केलेल्या कायद्यांमुळे भाताची लावणी जूनमध्ये ठरावीक तारखेनंतरच करावी लागते. परिणामी कापणी पुढे सरकून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते. गव्हाची वेळेवर पेरणी व्हावी यासाठी शेत रिकामे करण्यास अनेकदा केवळ दोन ते तीन आठवडे मिळतात. या मुदतीत पेंढा उचलला गेला नाही, तर तो जाळून टाकणे शेतकऱ्याला सर्वात स्वस्त व जलद वाटते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली व परिसरातील राज्यांत पीक अवशेष जाळण्यास मनाई केली. तरीही त्यानंतर हे प्रकार थांबलेले नाहीत.

कालावधीचा यंत्रसामग्रीवर होणारा परिणाम साध्या गणिताने स्पष्ट होतो. वर्षाला २ लाख टन पेंढा लागणारा प्रकल्प आणि एकरी २ टन संकलन गृहीत धरल्यास १ लाख एकरांवरून पेंढा उचलावा लागतो. हे काम २० दिवसांत करायचे तर दररोज १० हजार टन पेंढा गोळा झाला पाहिजे. एक बेलर दिवसाला १५ एकर उरकतो असे मानल्यास एकाच वेळी सुमारे ३३० बेलर शेतांत उतरवावे लागतात. हीच यंत्रे वर्षाचा उरलेला बहुतांश काळ विनावापर उभी राहतात. संकलनाचा खर्च वाढण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

संकलन

कम्बाइन हार्वेस्टरने कापणी केल्यावर शेतात दोन प्रकारचे काड राहते: यंत्रामागे ओळीत पडलेले सुटे काड आणि जमिनीत उभी असलेली धसकटे. गाठी बांधण्यापूर्वी सामान्यतः पुढील क्रमाने कामे केली जातात.

१. कापणे : स्टबल शेव्हर या यंत्राने उभी धसकटे जमिनीलगत कापली जातात.

२. वाळवणे : कापलेले काड काही दिवस उन्हात पसरलेले राहू दिले जाते. कापणीच्या वेळी ओलसर असलेला भाताचा पेंढा कोरड्या हवेत दोन ते पाच दिवसांत गाठी बांधण्याजोगा होतो. दव, धुके किंवा अवकाळी पाऊस आल्यास हा काळ लांबतो.

३. ओळी लावणे : रेक म्हणजे यांत्रिक दंताळ्याने काड सरळ ओळींत आणले जाते. दंताळे फार खाली लावल्यास काडाबरोबर माती व खडेही गोळा होतात.

४. गाठी बांधणे : बेलर यंत्र ओळीतील काड उचलून, दाबून, दोरीने बांधते. लहान चौकोनी गाठी माणसांना उचलता येतात. मोठ्या चौकोनी गाठींचे वजन ४०० ते ५०० किलोग्रॅमपर्यंत असते व त्यांसाठी लोडर यंत्र लागते. गोल गाठी बांधणारी यंत्रेही वापरात आहेत. मात्र गोल गाठी रचताना मधे पोकळ्या राहतात.

५. उचलणे : बांधलेल्या गाठी शेताच्या कडेला आणून ट्रॉलीत भरल्या जातात.

काड जमिनीतच गाडायचे की उचलायचे, हे कापणीपूर्वीच ठरवावे लागते. हार्वेस्टरला जोडलेले सुपर एसएमएस हे उपकरण काडाचे बारीक तुकडे करून शेतभर पसरवते. हॅपी सीडरसारख्या यंत्राने थेट पेरणी करण्यास ते उपयुक्त ठरते. पण तुकडे झालेले काड बेलरला नीट उचलता येत नाही.

वाहतूक

अवशेषांच्या वाहतुकीत अडचण वजनाची नसून आकारमानाची असते. सुट्या काडाचे एका घनमीटरचे वजन सुमारे ५० ते ८० किलोग्रॅम भरते. घट्ट चौकोनी गाठीत ते १५० ते २०० किलोग्रॅमपर्यंत, तर पेलेट स्वरूपात ६०० किलोग्रॅम वा अधिक होते. ५० घनमीटर जागेच्या वाहनात सुटे काड जेमतेम ३ टन मावते, तर प्रतिघनमीटर १५० किलोग्रॅम घनतेच्या गाठी साडेसात टन मावतात. दोन्ही फेऱ्यांना चालकाचा वेळ व इंधन जवळजवळ सारखेच लागते. त्यामुळे घनता वाढवण्याचे काम शेताच्या शक्य तितके जवळ करणे किफायतशीर ठरते. भाताच्या पेंढ्याचे उष्मांक मूल्य प्रतिकिलोग्रॅम सुमारे १४ ते १६ मेगाज्यूल, म्हणजे डिझेलच्या साधारण एक तृतीयांश असते. हलक्या व कमी ऊर्जेच्या मालाला लांबचा प्रवास परवडत नाही.

प्रकल्पाची क्षमता वाढली की संकलनाचे क्षेत्रही विस्तारते. वर उल्लेखिलेल्या १ लाख एकरांचे क्षेत्रफळ सुमारे ४०५ चौरस किलोमीटर होते. परिसरातील एकूण भूभागापैकी चतुर्थांश भागातूनच पेंढा मिळू शकतो असे धरल्यास संकलन क्षेत्राची त्रिज्या सुमारे २३ किलोमीटर येते. क्षमता दुप्पट केल्यास ही त्रिज्या सुमारे ३२ किलोमीटर होते. प्रत्यक्ष रस्त्याचे अंतर याहून जास्त असते. तेल शुद्धीकरणात प्रकल्प जितका मोठा तितका दर टनाचा खर्च कमी, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पीक अवशेषांबाबत मात्र एका मर्यादेनंतर प्रक्रियेत झालेली बचत वाहतुकीच्या खर्चात संपून जाते.

साठवण

दोन-तीन आठवड्यांत गोळा झालेला माल वर्षभर पुरवायचा असल्याने साठवण हा या साखळीचा सर्वात जोखमीचा टप्पा ठरतो. २ लाख टन गाठी प्रतिघनमीटर १५० किलोग्रॅम घनतेने रचल्यास त्यांना सुमारे १३ लाख घनमीटर जागा लागते. रास ६ मीटर उंच केली तरी केवळ राशींखाली सुमारे ५५ एकर जमीन गुंतते. रस्ते व आगप्रतिबंधक मोकळ्या पट्ट्या यांची जागा त्याहून वेगळी. या कारणाने सर्व माल प्रकल्पाच्या आवारात न ठेवता गावोगावच्या आगारांत ठेवण्याची आणि प्रकल्पाजवळ काही दिवसांपुरता साठा राखण्याची पद्धत अवलंबली जाते.

आर्द्रता : गाठीतील आर्द्रता साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असल्यास माल दीर्घकाळ टिकतो. ती २० टक्क्यांच्या वर गेल्यास बुरशी व जिवाणू वाढतात, काड कुजू लागते आणि इथेनॉलसाठी आवश्यक असलेले सेल्युलोज व हेमिसेल्युलोज नष्ट होऊ लागतात. झाकलेल्या साठ्यातील कोरड्या पदार्थाची घट साधारण ५ टक्क्यांच्या आसपास राखता येते. उघड्यावर, पावसात राहिलेल्या साठ्यात ती २० टक्के वा त्याहून अधिक होऊ शकते. भारतात ऑक्टोबरमध्ये रचलेल्या साठ्याचा काही भाग पुढील पावसाळा ओलांडून वापरायचा असतो, हे येथे महत्त्वाचे आहे.

आग : ओलसर गाठीतील सूक्ष्मजीवांच्या क्रियेने उष्णता निर्माण होते. काड उष्णतेचे दुर्वाहक असल्याने ती राशीच्या गाभ्यात साठत जाते. तापमान ७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यास धोका गंभीर मानला जातो. त्यानंतर रासायनिक क्रियांमुळे ते आणखी वाढून रास आतूनच पेटू शकते. याखेरीज वीज पडणे, वाहनांच्या धुराड्यातील ठिणग्या, जवळच्या शेतात लावलेली आग, विडी-सिगारेट व घातपात ही आगीची बाह्य कारणे होत. आतून पेटलेली रास पाण्याने लवकर विझत नाही. ती फोडून पसरवावी लागते आणि त्या वेळी हवा मिळाल्याने ज्वाळा भडकण्याची शक्यता असते.

रचना : साठवणीची जागा उंच, पाण्याचा निचरा होणारी व मुरूम टाकून पक्की केलेली असावी लागते. राशी लांबट आकाराच्या करून त्यांचा लहान बाजूचा रोख पावसाच्या मुख्य दिशेकडे ठेवला जातो. सर्वात खालचा थर जमिनीतील ओल शोषतो म्हणून खाली लाकडी फळ्या किंवा जुन्या गाठी अंथरल्या जातात. एका राशीची आग दुसरीपर्यंत पोहोचू नये यासाठी राशींचा आकार मर्यादित ठेवून त्यांच्यात मोकळे अंतर सोडले जाते. तडितरक्षक, पाण्याची टाकी, तापमान मोजण्याच्या लांब सळ्या आणि धुराड्यांना ठिणगीरोधक जाळ्या ही आवश्यक साधने मानली जातात. प्रथम आलेला माल प्रथम वापरणे आणि ओल्या गाठी वेगळ्या ठेवणे हे नियम साधे असले तरी हंगामाच्या घाईत तेच प्रथम मोडले जातात.

ओली साठवण : काही ठिकाणी माल वाळवण्याऐवजी मुरघासाप्रमाणे हवाबंद स्थितीत ओलाच साठवला जातो. यात आगीचा धोका जवळजवळ राहत नाही. परंतु पाण्याचे वजन वाहून न्यावे लागते. जैववायू प्रकल्पांना ही पद्धत अधिक सोयीची ठरते.

गुणवत्ता व मोजमाप

केवळ वजनावर खरेदी केल्यास प्रकल्प पाणी व माती यांचीही किंमत मोजतो. १२ टक्के आर्द्रतेच्या एका टनात ८८० किलोग्रॅम कोरडा पदार्थ असतो, तर २० टक्के आर्द्रतेच्या टनात ८००च किलोग्रॅम. त्यामुळे दर कोरड्या पदार्थावर ठरवणे न्याय्य मानले जाते. डेन्मार्कमध्ये १९९३ च्या राजकीय करारानुसार वीजकेंद्रांना २००० सालापर्यंत वर्षाला १२ लाख टन काड वापरण्याचे उद्दिष्ट दिले गेले. तेव्हापासून तेथील केंद्रांत क्रेनने गाठी उतरवतानाच त्यांचे वजन व सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने आर्द्रता मोजली जाते आणि दोन्ही नोंदींवर शेतकऱ्याचा मोबदला ठरतो. फार ओला माल परत पाठवला जातो.

दुसरा निकष राखेचा आहे. भाताच्या पेंढ्यात राखेचे प्रमाण साधारण १५ ते २० टक्के असते व त्यात सिलिका प्रमुख असते. गव्हाच्या काडात ते बरेच कमी असते. सिलिका आणि काडाबरोबर आलेली माती यांमुळे कापणीची पाती, पंप व नळ्या लवकर झिजतात. पोटॅशियम व क्लोरीन यांमुळे बाष्पकांत राखेचे थर बसतात व गंज चढतो. गाठीतील दगड, तार किंवा प्लॅस्टिकची दोरी यांपैकी काहीही यंत्र बंद पाडू शकते. प्रयोगशाळेत निवडक, स्वच्छ काडावर यशस्वी झालेली प्रक्रिया कारखान्यात अडखळण्यामागे अशी साधी कारणे अनेकदा आढळतात.

किंमत, करार व मध्यस्थ

फाटकावरील किमतीत शेतकऱ्याचा मोबदला, कापणे-बांधणे, भरणे-उतरवणे, वाहतूक, साठवण व विमा, साठ्यातील घट आणि गुंतवलेल्या भांडवलावरील व्याज यांचा समावेश होतो. वर्षभराचा माल एकाच महिन्यात खरेदी करावा लागत असल्याने व्याजाचा वाटा लक्षणीय असतो. शेतकऱ्याला मिळणारा रोख मोबदला या साखळीतील लहान घटकांपैकी एक असतो. अनेक ठिकाणी शेत वेळेत मोकळे होणे हाच त्याचा मुख्य लाभ धरला जातो.

प्रकल्प सामान्यतः हजारो शेतकऱ्यांशी स्वतंत्र व्यवहार करत नाहीत. गावपातळीवरील उद्योजक, शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था किंवा यंत्रे भाड्याने देणारी केंद्रे हे काम अंगावर घेतात. बेलर, रेक, शेव्हर व ट्रॅक्टर यांचा संच कर्जाने घेतलेल्या अशा उद्योजकाला खरेदीची हमी नसल्यास एका वाईट हंगामात मोठा तोटा होतो. उलट प्रकल्पाने आधी दर बांधून दिला आणि पुढे वीटभट्ट्या, कागद कारखाने किंवा औष्णिक वीजकेंद्रांकडून मागणी वाढली, तर माल जास्त दराने दुसरीकडे जातो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ च्या धोरणात औष्णिक केंद्रांना कोळशाबरोबर ५ टक्के जैवभार पेलेट जाळण्यास सांगितल्यापासून एकाच पेंढ्यासाठी स्पर्धा करणाऱ्या ग्राहकांत भर पडली आहे. म्हणून अनेक वर्षांचे करार, दरवाढीचे पूर्वनियोजित सूत्र आणि नैसर्गिक आपत्तीतील जोखमीची वाटणी यांना या क्षेत्रात विशेष महत्त्व आहे.

भारतातील धोरणे व प्रकल्प

केंद्र सरकारने २०१४ मध्ये पीक अवशेष व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने पीक अवशेषांपासूनच्या इथेनॉलला प्रोत्साहन दिले. त्याच वर्षी संपीडित जैववायूसाठी 'सतत' हा उपक्रम सुरू झाला. २०१९ मध्ये दुसऱ्या पिढीच्या इथेनॉल प्रकल्पांना अर्थसाहाय्य देणारी, १,९६९.५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री जी-वन योजना मंजूर झाली.

प्रारंभीच्या योजनांचा भर प्रकल्प उभारणीवर व काड शेतातच गाडणाऱ्या यंत्रांवर होता. पुरवठा साखळीचा स्वतंत्र विचार २०२३ मध्ये पीक अवशेष व्यवस्थापन योजनेच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत झाला. त्यानुसार भातपेंढ्याच्या पुरवठा प्रकल्पांत दीड कोटी रुपयांपर्यंतच्या यंत्रसामग्रीच्या खर्चापैकी ६५ टक्के सरकार, २५ टक्के पेंढा वापरणारा उद्योग आणि उर्वरित १० टक्के संकलन करणारा शेतकरी गट, सहकारी संस्था वा उद्योजक यांनी उचलावा, अशी तरतूद करण्यात आली. तीन वर्षांत १५ लाख टन पेंढा गोळा करण्याचे आणि पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश व मध्य प्रदेशात प्रत्येकी ४,५०० टन क्षमतेची सुमारे ३३३ आगारे उभी करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. उद्योगाला खर्चात भागीदार करणे हे या सूचनांचे वैशिष्ट्य होय.

इंडियन ऑइलचा हरियाणातील पानिपत येथील दुसऱ्या पिढीचा इथेनॉल प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. सुमारे ९०० कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पात वर्षाला सुमारे २ लाख टन भातपेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल निर्माण करण्याचे नियोजन आहे. पंजाबातील संगरूर जिल्ह्यात लेहरागागा येथे जर्मनीच्या व्हर्बिओ कंपनीच्या संपीडित जैववायू प्रकल्पाचे उद्घाटन १८ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. त्याची क्षमता दररोज ३०० टन पेंढ्यापासून ३३ टन वायू निर्माण करण्याची आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

दुसऱ्या पिढीच्या इथेनॉल तंत्रज्ञानाच्या विकासात महाराष्ट्रातील संस्थांचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने विकसित केलेल्या तंत्रज्ञानाचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे सुरू झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०१७ मध्ये दौंडजवळ प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. पानिपतचा प्रकल्प प्राजच्या तंत्रज्ञानावर आधारलेला आहे.

राज्यातील अवशेषांचे स्वरूप मात्र उत्तर भारतापेक्षा वेगळे आहे. ज्वारीचा कडबा ही दुष्काळी भागांतील प्रमुख वैरण असून त्याच्या पेंढ्यांची खरेदी-विक्री पूर्वापार चालत आली आहे. कडब्याच्या गंजी व वळया रचण्याची, वरून शाकारून पावसाचे पाणी ओघळून जाईल अशी उतरती बांधणी करण्याची रीत शेतकऱ्यांना ज्ञात आहे. अशा अवशेषांना 'अतिरिक्त' म्हणता येत नाही. त्यांना इंधनाकडे वळवल्यास वैरण महाग होण्याचा धोका संभवतो.

विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील पऱ्हाट्या हेक्टरी साधारण २ ते ३ टन निघतात. त्या सरपण, कूड व कुंपणासाठी वापरल्या जातात. उरलेल्या बांधावर पडून राहतात किंवा जाळल्या जातात. पऱ्हाट्या शेतात दीर्घकाळ उभ्या राहिल्यास गुलाबी बोंडअळीला आश्रय मिळतो. त्यामुळे फरदड न घेता हंगाम संपताच त्या काढून टाकाव्यात, अशी शिफारस कृषी विभाग करतो. त्या वेळेवर उचलून नेणारा ग्राहक मिळणे हे या दृष्टीने कीडनियंत्रणाचेही साधन ठरू शकते. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट व पेलेट करण्याचे तंत्र विकसित केले आहे. तथापि पऱ्हाट्या कठीण व फांद्यांच्या असल्याने त्यांच्या गाठी बांधता येत नाहीत. शेतातच त्यांचा चुरा करून वाहतूक करावी लागते. कोरडवाहू लहान शेतांतील थोडा-थोडा माल गोळा करणे हीदेखील अडचण असते.

उसाचे पाचट हेक्टरी साधारण ८ ते १० टन निघते. हिरवे वाढे जनावरांना घातले जातात; वाळलेले पाचट बहुधा पेटवले जाते. साखर कारखान्यांकडे तोडणी व वाहतुकीचे नियोजन, वजनकाटे आणि शेतकऱ्यांच्या नोंदी आधीपासून उपलब्ध असल्याने पाचटाच्या संकलनासाठी वेगळी यंत्रणा शून्यातून उभारावी लागत नाही. दुसरीकडे, खोडव्यात पाचटाचे आच्छादन केल्यास ओलावा टिकतो व जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो, हे कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत आवर्जून सांगितले जाते. अवर्षणप्रवण भागांत पाचट उचलण्यापेक्षा शेतात ठेवणे अधिक हिताचे ठरू शकते.

इतर देशांतील अनुभव

अमेरिकेतील आयोवा राज्यात मक्याच्या ताटांवर आधारित दोन मोठे प्रकल्प उभे राहिले. एमेट्सबर्ग येथील पोएट-डीएसएम कंपनीचा प्रकल्प सप्टेंबर २०१४ मध्ये सुरू झाला. त्याला दररोज ७७० टन ताटे लागणार होती. कंपनीने शेतकऱ्यांकडून वरच्या अवशेषांचा सुमारे चतुर्थांश भागच उचलण्याचे धोरण ठेवले होते. २०१९ च्या अखेरीस तेथील इथेनॉल उत्पादन थांबवण्यात आले. नेवाडा येथील ड्युपाँटचा प्रकल्प ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू झाला. सुमारे ४८ किलोमीटरच्या परिसरातील ५०० शेतकऱ्यांकडून वर्षाला ३ लाख ७५ हजार टन कोरडी ताटे घेण्याची त्याची योजना होती. दोनच वर्षांत तो विक्रीस काढण्यात आला आणि २०१८ मध्ये व्हर्बिओने विकत घेऊन जैववायू निर्मितीकडे वळवला.

कॅन्सस राज्यातील ह्यूगोटन येथील अबेंगोआ कंपनीचा प्रकल्प २०१४ मध्ये सुरू होऊन पुढच्याच वर्षी बंद पडला. रोमेनियात पोदारी येथे क्लॅरिअंट कंपनीने अडीच लाख टन काडापासून ५० हजार टन इथेनॉल निर्माण करणारा प्रकल्प २०२२ मध्ये चालू केला. डिसेंबर २०२३ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय झाला. या प्रकल्पांच्या अपयशाला कंपन्यांची आर्थिक स्थिती, इंधनाच्या किमती, शासकीय धोरणे व प्रक्रियेतील अडचणी अशी निरनिराळी कारणे होती. त्यामुळे सर्व दोष पुरवठ्याला देता येत नाही.

ब्राझीलमधील पिरासिकाबा येथील रायझेन कंपनीचा कोस्ता पिंतो प्रकल्प २०१५ पासून चालू राहिला आणि त्यानंतर कंपनीने आणखी प्रकल्प उभारले. तो साखर कारखान्यालगत असून त्याला लागणारी चिपाडे कारखान्यातच जमा झालेली असतात. संकलन व लांब वाहतूक यांचा भार नसणे ही अशा प्रकल्पांची जमेची बाजू आहे.

जमिनीच्या सुपीकतेचा प्रश्न

अवशेष उचलणे म्हणजे शेतातील अन्नद्रव्येही उचलणे होय. एक टन भातपेंढ्यात साधारण ५.५ किलोग्रॅम नत्र, २.३ किलोग्रॅम स्फुरद, २५ किलोग्रॅम पालाश आणि १.२ किलोग्रॅम गंधक असते. या हिशेबाने २ लाख टन पेंढ्याबरोबर सुमारे ५,००० टन पालाश शेताबाहेर जाते. पेंढा जाळल्यास नत्र व गंधकाचा मोठा भाग हवेत जातो. पालाश मात्र बहुतांशी राखेत राहते. त्यामुळे जाळण्याच्या तुलनेत उचलण्याने हवा स्वच्छ राहते, पण पालाशाची हानी अधिक होते.

ही हानी भरून काढण्याचे तीन मार्ग सुचवले जातात: सर्व अवशेष न उचलता काही भाग शेतात राखणे, तीच शेते दरवर्षी न निवडणे आणि प्रकल्पातील राख किंवा जैववायू निर्मितीनंतर उरणारे किण्वित सेंद्रिय खत पुन्हा त्याच परिसरातील शेतांना देणे. अशा खताच्या विक्रीसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये प्रतिटन १,५०० रुपयांचे साहाय्य मंजूर केले. गाठी नेणारी वाहने परतताना खत घेऊन आली, तर रिकाम्या फेरीचाही खर्च वाचतो. किती अवशेष उचलणे सुरक्षित आहे, याचे सर्वत्र लागू पडणारे एकच उत्तर नाही. जमिनीचा उतार, सेंद्रिय कर्ब, पाऊस व पीकपद्धती यांवर ते अवलंबून असते.

हे सुद्धा पहा

इथेनॉल मिश्रण
संपीडित जैववायू
बगॅस
मुरघास
पाचट आच्छादन
शेतकरी उत्पादक कंपनी